निकाल नागपूरहून येई

पूर्व विदर्भातील घरांना जून महिन्यात दोन गोष्टींची वाट पाहावी लागे. एक मृगाच्या पावसाची आणि दुसरी मॅट्रिकच्या निकालाची. दोन्ही येणार हे सर्वांना ठाऊक असे; केव्हा येणार आणि आल्यावर घराचे काय करून ठेवणार, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे. बांधीत पऱ्हे टाकण्यासाठी बाप आभाळाकडे पाही आणि त्याच वेळी मुलगा नागपूरच्या गाडीकडे डोळे लावून बसलेला असे. आज निकाल हातातल्या फोनवर क्षणात उमटतो. त्यामुळे ती वाट पाहणे म्हणजे काय होते, हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत त्या एका आकड्याने आपल्या मुलखातील असंख्य कुटुंबांची दिशा ठरविली. म्हणून त्या प्रतीक्षेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे उचित ठरेल.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. परीक्षेचे धागे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या भूमीत विणले जात होते. १८५४ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. या दोन घटनांच्या मधोमध, १८५७ साली, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे उघडली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तीत यशस्वी झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते, हे मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु आपल्या मुलखाचे तोंड तेव्हा मुंबईकडे नव्हते, कलकत्त्याकडे होते. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले, तेही कलकत्ता विद्यापीठाच्याच छायेत. पुढे १८८७ साली अलाहाबाद विद्यापीठ स्थापन झाले आणि १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने हद्दी ठरल्या, तेव्हा मध्य प्रांत अलाहाबादच्या वाट्यास आला. याचा अर्थ असा की, वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी मुलाच्या भवितव्याचा निवाडा प्रथम हुगळीच्या काठी आणि नंतर गंगा-यमुनेच्या संगमावर होत असे. निकालासाठी लागणाऱ्या दिवसांत या अंतराचाही वाटा असे.

त्या कलकत्ता विद्यापीठाच्या इतिहासातील दोन प्रसंग येथे आवर्जून नोंदवावेसे वाटतात. पहिला १८५८ सालचा. विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या बी. ए. परीक्षेस बसलेल्यांपैकी सर्व विषयांत कोणीही उत्तीर्ण झाला नाही. अखेर एका विषयात सात गुण कमी पडलेल्या दोघांना ते गुण बहाल करून पदवी देण्यात आली. त्यांतील एक होते बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि दुसरे जदुनाथ बोस. ज्यांना आपण ग्रेसमार्क म्हणतो त्यांची परंपरा आपल्या देशात इतकी जुनी आणि इतकी प्रतिष्ठित आहे! इंग्रजीत या गुणांना जो शब्द लावतात, तोच चर्चच्या भाषेत देवाच्या कृपेला लावतात. ‘वर ढकलला’ असे हिणवून बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रसंग १८७६ सालचा आणि अधिक बोचरा. डेहराडूनच्या चंद्रमुखी बसू या बंगाली ख्रिस्ती मुलीने प्रवेश परीक्षेस बसण्याची परवानगी मागितली. विद्यापीठाने ती दिली, पण अट घातली की, ती यशस्वी ठरली तरी तिचे नाव उत्तीर्णांच्या यादीत छापले जाणार नाही. चंद्रमुखी बसली, परीक्षकांच्या कसोटीस उतरली आणि यादी तिच्या नावाविना प्रसिद्ध झाली. १८७८ साली कादंबिनी बसू ही परीक्षा अधिकृतपणे उत्तीर्ण झाली. नंतर काही वर्षांनी या दोघी एकत्रच पदवीधर झाल्या. निकालाच्या यादीत नाव नसण्याचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. पण पास होऊनही नाव नसावे, हा अनुभव त्या मुलीने कसा पचविला असेल, याची कल्पना करावी.

निकालाच्या वाटेचे अंतर खऱ्या अर्थाने कमी केले ते आगगाडीने. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी छत्तीसगड रेल्वे धावू लागली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि १८९१ साली नागपूर ते आसनसोल हा मार्ग पूर्ण झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे व चांद्याकडे जाणारे छोटे रेल्वेमार्ग येथून निघाले आणि गोंदिया जंक्शन झाले. मराठी ख्रिस्ती वाचकाला या मार्गाचे आणखी एक स्मरण असते. कवी नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. तो रूळमार्ग गोंदियावरूनच जातो. त्याच रुळांवरून पुढे पाऊणशे वर्षे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले आणि त्या गठ्ठ्यांत निकाल आले.

१९२२ साली मध्य प्रांतात हायस्कूल शिक्षणाचा कायदा झाला, मंडळ नागपुरात आले आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठही स्थापन झाले. तेव्हापासून निकाल नागपूरहून येऊ लागला तो आजतागायत. या काळात राज्यकारभाराची पाटी किती वेळा बदलली ते पाहा. मध्य प्रांत व वऱ्हाड होता. १९५० साली मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. मंडळांची नावेही बदलली. विदर्भाचे वेगळे माध्यमिक शिक्षण मंडळ काही वर्षे नागपुरास होते. १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्राचे एक राज्य मंडळ पुण्यास झाले आणि नागपूर त्याचे विभागीय मंडळ झाले. राजधानी बदलली, जिल्हा बदलला, मॅट्रिकचे एस.एस.सी. झाले, पण गोंदियाच्या पोराने निकालासाठी मान वळवायची ती नागपूरच्याच दिशेला.

परीक्षा मार्चमध्ये संपे आणि निकाल जूनमध्ये लागे. या मधल्या अडीच-तीन महिन्यांना शहरात सुटी म्हणत. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी या जंगलपट्ट्यात त्याला सुटी म्हणण्याची सोय नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळत. ती ऊन चढण्याआधी वेचावी लागत आणि त्यासाठी घरातील प्रत्येक हात लागे. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येई. पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायची. गोंदिया-भंडाऱ्याचा विडी धंदा याच पानांवर उभा राहिला. मॅट्रिकचा उमेदवार आईबापांबरोबर पाने तोडीत असे आणि त्या मजुरीतून पुढल्या वर्गाची पुस्तके घ्यायची की कसे, हे अजून ठरायचे असे. एकाच हाताने मार्चमध्ये बीजगणित सोडविलेले असे आणि मे महिन्यात पुडकी बांधलेली असत. जूनमध्ये त्या हातात पऱ्ह्यांची जुडी येणार की महाविद्यालयाचा अर्ज, हे नागपुरात कुठेतरी एका तक्त्यावर लिहून झालेले असे, पण त्याला अजून कळलेले नसे. निकालाची चिंता म्हणजे नुसती मनाची तगमग नव्हती. रोवणीला गडी किती लागतील, हा हिशेबही तिच्यावर अवलंबून असे.

मुलींच्या बाबतीत तर हंगामाचाच पेच होता. लग्नसराई एप्रिल-मेची आणि निकाल जूनचा. परीक्षा माहेरून दिली आणि निकाल सासरी कळला, असे कितीतरी जणींच्या बाबतीत घडले. तिथे तो कोणाला सांगायचा, हाही प्रश्नच असे. पास झाल्याचा आनंद चुलीपाशीच मावळला, नापास झाल्याचे दुःखही तिथेच विझले. त्यांच्या गुणपत्रिका माहेरच्या पेटीत वर्षानुवर्षे राहिल्या.

निकाल कळण्याची रीत अशी की, वर्तमानपत्रात केंद्रवार आसनक्रमांक छापून येत. नागपुरात १९११ साली ‘हितवाद’ सुरू झाला. पुढे ‘तरुण भारत’, ‘नवभारत’ आणि १९७१ पासून दैनिक ‘लोकमत’ आले. नागपूर ते गोंदिया हे अंतर सुमारे एकशे तीस किलोमीटर. एरवी दुपारपर्यंत न उघडला जाणारा पेपर त्या दिवशी स्टेशनवरच फाटेपर्यंत वाचला जाई. प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, तृतीय श्रेणी अशा क्रमाने बारीक आकड्यांचे रकाने असत. हुशार मुलगा वरून खाली वाची. ज्याला धाकधूक असे, तो तृतीय श्रेणीपासून आरंभ करी. कोणाच्या हातात दहा-बारा जणांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहिलेले असत, कारण देवरीकडे जाणारी मोटार सुटण्यापूर्वी त्याला गावातील सगळ्यांचा निकाल गोळा करायचा असे. त्याने एक आकडा चुकीचा वाचला, तर एका घरी पेढे आणि दुसऱ्या घरी रडारड एक दिवस अदलाबदल होऊन जाई. निकाल राखून ठेवलेल्यांचे क्रमांक वेगळे असत, आणि त्या शब्दाने तर घरात नाना शंका शिरत.

येथे एक बारीकशी गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रकान्यांत नापासांची यादी कधी छापली गेली नाही. ज्याचा क्रमांक सापडत नसे त्याला कोणी ‘तू नापास झालास’ असे सांगत नसे. त्याला ते स्वतःच, दोन आकड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाचावे लागे. तो पुन्हा पाही. छपाईत आकडा गळला असेल, असे म्हणून दुसरे वर्तमानपत्र पाही. मग शाळेत गुणपत्रिका येईपर्यंत चार-आठ दिवस ती आशा जपून ठेवी. ही आशा फोल आहे हे घरच्यांना कळत असे, पण तसे बोलून दाखविण्याचा धीर फारच थोड्या घरांत होता.

त्यानंतर त्या मुलाला जन्मभराचे नाव मिळे. ‘मॅट्रिक नापास’ हे आपल्याकडे एखाद्या पदवीसारखे लिहिले व बोलले गेले. नोकरीच्या अर्जात ते लिहीत, सोयरिकीच्या बोलण्यात ते सांगत. इंग्रजी अमदानीत मॅट्रिकच्या प्रमाणपत्राने रेल्वेत कारकुनी, टपाल खात्यात जागा, शाळेत मास्तरकी यांची दारे उघडत. ते नसेल तर ती दारे बंद. ऑक्टोबरच्या परीक्षेची सोय होती, आणि तिला पुन्हापुन्हा बसणाऱ्याला ‘वारकरी’ म्हणून हिणविण्याची रीतही होती. वस्तुतः त्या मुलांपैकी अनेकांनी दिवसा राईस मिलमध्ये पोती उचलून रात्री कंदिलाखाली अभ्यास केला. त्यांची चिकाटी पहिल्या फटक्यात पास झालेल्यांपेक्षा कमी नव्हती.

उलटपक्षी, एखाद्या समाजाचा पहिला मुलगा पास होतो तेव्हा तो निकाल त्याचा एकट्याचा राहत नाही. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्याबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्या भेटीतून काय घडले, ते जगाला ठाऊक आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या गावोगावी पुढल्या पिढ्यांत जे पहिले मॅट्रिक झाले, त्यांचा निकालही असाच साऱ्या वस्तीचा निकाल असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ती म्हातारी माणसेही त्या आकड्याकडे बोट ठेवून पाहत.

पण पहिले मॅट्रिक होण्यासाठी जवळ शाळा हवी. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षे माध्यमिक शाळा मोजक्या मोठ्या गावांतच होत्या. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात खेडोपाडी हायस्कुले उभी राहिली, महाविद्यालयेही निघाली. ज्या गृहस्थाचे स्वतःचे शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांतच आटोपले होते, त्याने हे करावे, यात त्याची पोच दिसते. त्यानंतरच्या दशकांत निकालाची चिंता चार घरांची न राहता शेकडो घरांची झाली. चिंता वाढणे हे येथे प्रगतीचेच लक्षण होते. कारण ज्यांच्या घरात परीक्षेला बसणारेच कोणी नाही, त्यांना निकालाची वाट पाहण्याचे सुखदुःख ठाऊक नसते.

रेल्वेच्या नोकरीनिमित्त या भागात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांची तऱ्हा थोडी निराळी होती. त्यांच्यापैकी जे मुलांना इंग्रजी बोर्डिंगमध्ये धाडीत, त्यांना सिनिअर केंब्रिजची ओढ असे. त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका बोटीने विलायतेला जात आणि निकाल सातासमुद्रांपलीकडून येई. बाकीची मुले मात्र सर्वांसारखी नागपूरच्या पेपरात आपला क्रमांक शोधीत. निकालाच्या आदल्या दिवशी देवळात मेणबत्ती लावणारी आई आणि शेजारच्या देवळात नारळ ठेवणारी आई, या दोघींच्या मनात एकच आकडा घोळत असे. पास झाल्याची तार करण्यासाठी टपाल कचेरीत ठरीव शुभेच्छांची यादी असे. नाताळ, दिवाळी, विवाह यांच्या जोडीने परीक्षेतील यशाचेही एक वाक्य तिच्यात होते. क्रमांक सांगितला की तार जाई. नापास झालेल्यासाठी त्या यादीत वाक्य नव्हते. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली.

१९७५ हे वर्ष अनेकांच्या स्मरणात असेल. नव्या आकृतिबंधाची दहावी आणि जुनी अकरावी या दोन्ही तुकड्या त्या साली एकदमच शालान्त परीक्षेस बसल्या. एका घरातील थोरला आणि धाकटा एकाच जूनमध्ये निकालाची वाट पाहत बसले, असेही घडले. पुढे संगणक आले, नव्या शतकात निकाल महाजालावर आला आणि गुणवत्ता यादीची प्रथा मागे पडली. २०१५ पासून दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा जुलैतच होऊ लागली, म्हणजे वर्ष वाया जाण्याचे भय पुष्कळ कमी झाले. नागपूर विभागात अलीकडच्या काही निकालांत गोंदिया जिल्ह्याने वरचे स्थान पटकावले, ही गोष्ट त्या तेंदूपत्त्याच्या पिढीला निश्चितच सुखावणारी आहे.

मग २०२१ साल आले. महामारीमुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल तयार करण्यात आला व तो १६ जुलै रोजी जाहीर झाला. राज्यात ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. परीक्षा नव्हती, नापास होण्याचे भय जवळजवळ नव्हते. तरीही त्या दुपारी इतक्या लोकांनी एकाच वेळी निकाल उघडण्याचा प्रयत्न केला की, संकेतस्थळ कोलमडले आणि घरोघरी कित्येक तास वाट पाहणे आले. निकाल आधी ठाऊक असला तरी तो कोणीतरी अधिकाराने सांगावा, अशी माणसाच्या मनाची भूक असते, हेच त्या दिवशी दिसून आले.

परीक्षार्थींचे आश्रयदाते मानले गेलेले कुपर्टिनोचे संत जोसेफ यांची कथा या संदर्भात आठवते. १६०३ साली जन्मलेल्या या इटालियन मुलाला अभ्यास जमत नसे. दीक्षेपूर्वीच्या परीक्षेत त्यांना नेमके तेच शुभवर्तमानाचे वचन विचारले गेले, जे त्यांना समजावून सांगता येत होते. धर्मगुरुपदाच्या परीक्षेत तर पहिल्या काही उमेदवारांनी इतकी उत्तम उत्तरे दिली की, बिशपांनी उरलेल्यांना न विचारताच उत्तीर्ण केले. त्या उरलेल्यांत जोसेफ होते. १७६७ साली त्यांना संतपद मिळाले. २०२१ च्या मुलांना ‘बिनपरीक्षेचे पास’ म्हणून टोमणे मारणाऱ्यांना ही कथा सांगण्याजोगी आहे.

२०२५ साली दहावीचा निकाल १३ मे रोजीच लागला. मृगाची आणि निकालाची जुनी जोडी फुटली. आता निकाल तेंदूपत्त्याच्या हंगामातच येतो. स्टेशनवरील गर्दी गेली, चिठ्ठीवरचे क्रमांक गेले. त्याबरोबर एक संरक्षणही गेले. पूर्वी वाईट बातमी माणसाच्या तोंडून येई. जो ती आणी, तो अंगणात थांबे, पाणी मागे, आडवळणाने बोले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवी. आज ते मूल बंद खोलीत, एकटे, पडद्यावरचा शब्द वाचते. निकालानंतर कोवळ्या मुलांनी जीव दिल्याच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो. मंडळाने समुपदेशक नेमले, त्यांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर केले, हे चांगलेच झाले. पण अंगणात येऊन थांबणाऱ्या माणसाचे काम दूरध्वनी पुरते करू शकत नाही.

आपल्या पॅरिशमध्ये निकालानंतरच्या रविवारी गुणवंतांचा सत्कार होतो, तो होत राहावा. परंतु ज्या घरातून त्या रविवारी कोणी मिस्साला आले नाही, ते घर कोणते, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. पेढ्यांच्या घरी सर्वच जातात. त्या दुसऱ्या घरी सायंकाळी कोणीतरी जाऊन बसावे, निकालाविषयी काही न विचारता चहा घ्यावा आणि निघताना जुलैच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख तेवढी आठवणीने सांगावी.